रिकामा पाळणा फिरवायचा न्हाय

आबा, पाळणा विकला नाही मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट ऐकाल. अर्धं ऐकून तापायची तुमची सवय मला ठाऊक आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, पण आपला आकाशपाळणा अजून गावोगावच्या उरसात उभा राहतोय, बाराच्या बारा खुर्च्या भरून फिरतोय. यंदा कागलकडच्या उरसात रांग पार भेळेच्या गाड्यापर्यंत गेली. भेळवाला ओरडतोय, "ओ ताई, तुमची माणसं माझं गिऱ्हाईक अडवाय लागल्यात की!" मी म्हटलं, अडवू देत. दोन वर्षं माणसाचं तोंड बघायला तरसलोय आम्ही.

तुमचा मार आठवतो. मी दहा वर्षांची असेन. हुपरीच्या बाजूला कुठंतरी पाळणा नुकताच उभा केलेला, आई मैदानाच्या कडेला तीन दगडांवर भाकरी भाजतेय, तुम्ही नटबोल्ट आणायला गेलाय. मी आपलं इंजिन चालू केलं आणि रिकामाच पाळणा फिरवत खाली टाळ्या पिटत बसले. तुम्ही लांबून बघितलंत, सायकल तिथंच टाकून पळत आलात आणि सणसणीत एक कानाखाली ठेवून दिलीत. "रिकामा पाळणा फिरवायचा न्हाय! घरात लेकराचा असू दे, न्हायतर ह्यो असू दे!" घरातला रिकामा पाळणा हलवू नये हे सगळ्याच आया सांगतात, पण लोखंडाच्या पाळण्याला तो नियम लावणारे तुम्ही एकटेच. उभारणी झाली की प्रत्येक खुर्चीत वाळूचं पोतं, ती पोती फिरवून झाली की पहिली फेरी घरच्यांची, आणि मगच तिकीट. त्या पहिल्या फेरीला मी दर वेळी दांडी मारली. कधी पोटात दुखायचं, कधी तिकिटांचा शिक्का सापडायचा नाही. तुम्ही हसायचात, "पाळणेवाल्याची लेक आणि भुईला चिकटलीया."

मग तो रोग आला. तुम्ही बघितला नाहीत ते बरंच झालं. हळूहळू दुकानं उघडली, हॉटेलं उघडली, लग्नंसुद्धा लागायला लागली; आमचा नंबर मात्र सगळ्यात शेवटी, कारण आमचा धंदाच गर्दीचा. हायवेच्या कडेचं पाण्याच्या घसरगुंड्यांचं पार्क ओस पडलं. मौत का कुवावाला भाजीची गाडी ढकलायला लागला, तुमचे जावई शिरोलीत फाउंड्रीत जायला लागले. पाळणा सुटा करून एका रानात ठेवलेला, त्यावर कमरेएवढं गवत. भट्टीला लोखंड पुरवणारा एक भंगारवाला सारखा यायचा. "ताई, आता कुठल्या जत्रा नि कुठलं काय. गंजून मातीत जाण्यापरास भट्टीत जाऊ दे की." तिसऱ्यांदा आला तेव्हा मी हो म्हटलं. होय, म्हटलं. ओरडू नका, पुढं ऐका. सोमवारी गॅसकटर घेऊन येतो म्हणाला.

रविवारी आई आणि मी टीव्ही बघत जेवत होतो. बातम्यांत परदेशातल्या कुठल्याशा मोठ्या कंपनीचं पार्क दाखवत होते. एवढाले किल्ले, दिवे, आणि आत चिटपाखरू नाही. त्यात एक लांबलचक गाडी रुळांवरून वरखाली पळतेय, सगळी बाकं मोकळी. यंत्र जाम होऊ नये म्हणून फिरवतात म्हणे. माझ्या तोंडून एकदम निघालं, "अरे ए! रिकामा फिरवू नका रे!" आईचा घास हातातच राहिला. म्हणाली, "अगं बाई, त्येंचाच आवाज निघाला की!" आम्ही दोघी हसत सुटलो, आणि मग रडलो. एवढ्या बलाढ्य कंपन्यांचीही आमच्यासारखीच गत, पण ते लोक यंत्र जपत बसलेत, आणि मी आपलं कापायला काढलंय. सोमवारी भंगारवाल्याला बांधावरूनच परत पाठवला.

महिन्याभरात पाळणा त्याच रानात उभा केला. दर गुरुवारी बारा पोती बसवायची आणि फिरवायचा, ग्रीस बघायचं, बेअरिंगचा आवाज ऐकायचा. लांबून कुणीतरी बघून तक्रार केली, हवालदार आले. "गर्दी जमवलीया व्हय? कोण बसलंय वर?" मी म्हटलं, "पोती हायत साहेब." त्यांनी सगळी फेरी मान वर करून बघितली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मग त्यास्नी मास्क कुठाय?" पुढच्या गुरुवारी आईनं बाराही पोत्यांच्या तोंडाला फडकी बांधली.

आणि मग परवानगी आली! पहिल्याच उरसात गावची माणसं चार वाजल्यापासून पाळण्याखाली उभी, बायका, म्हातारी, कडेवरची लेकरं. वाळूची पोती फिरवून झाली. आता पहिली फेरी घरच्यांची. जावई ब्रेकवर, आईचे गुडघे गेलेले, आणि लोक ओरडतायत, "ओ पाळणेवाल्या बाई, सुरू करा की!" अकरा खुर्च्यांत आमची कामाची माणसं, त्यांच्या बायका नि पोरं जाऊन बसली. एक रिकामी राहिली. आई माझ्याकडे बघतेय, मी आईकडे. शेवटी गेले आणि बसले, आबा. पन्नाशीत, पहिल्यांदा. वर गेल्यावर खालून जी आरोळी उठली ना, ती तुम्हालाही ऐकू गेली असेल. आम्ही जिंकलो, एवढंच मनात होतं.

हे पत्र मी ग्रीसच्या डब्याखाली, तुमच्या पान्यांच्या पेटीत ठेवणार आहे. खाली उतरल्यावर आईनं विचारलं, काय काय दिसलं गं? मी सांगितलं, कारखान्याचं धुराडं दिसलं, हायवे दिसला, लांब पार कोल्हापूर दिसलं. तिनं ते अख्ख्या गावाला सांगितलं. तुम्हाला म्हणून खरं सांगते, आबा, फेरीभर माझे डोळे गच्च मिटलेले होते.