प्रफुल्ल, तुझं धरण मी काढून टाकलं

प्रिय प्रफुल्ल,

आज सकाळी आपल्या गेममधून तुझं खडकवासला धरण मी काढून टाकलं. तुझ्या पाठीमागे केलं असं मनात राहू नये, म्हणून लिहितेय. तू असतास तर आठवडाभर अबोला धरला असतास. आता तुला जाऊन दीड वर्ष झालं, अबोल्याची भीती कसली?

सुरुवात किती साधी होती, आठवतं? हिंजवडीतल्या नोकऱ्या सोडून आपण शनिवार पेठेत, अब्बूंच्या बाइंडिंगच्या दुकानावरच्या खोलीत बसलो होतो. खाली पाणी सोडणारा माणूस लांब चावीने रस्त्यातला व्हॉल्व्ह फिरवत होता आणि गॅलऱ्यांमधून लोक त्याला ऐकवत होते. तू म्हणालास, "नसीम, हाच आपला गेम. खेळणाऱ्याच्या हाती चावी द्यायची. गल्ल्या दोन, पाणी एकीलाच पुरेल एवढं. आधी कोणाला देशील?" मारामारी नाही, गुण नाहीत, फक्त माणसांची बोलणी. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

मग तुला धरण सुचलं. पाणी येतं कुठून, ते दाखवायला नको का? आठ महिने तू लाटा करत बसलास. उन्हातलं पाणी वेगळं, ढगाखालचं वेगळं. मी विचारायची, चावी कधी फिरणार? की तुझं यवतमाळी उत्तर तयार: "काऊन घाई करतं? पाणी तं पाण्यासारखं दिसलं पाहिजे नं." पुढे एका पेठेच्या आठ पेठा झाल्या. चावी मात्र फिरेना.

एकदा आपण अब्बूंना खेळायला बसवलं. त्यांनी चष्मा लावून दहा मिनिटं धरण पाहिलं आणि म्हणाले, "पाणी फार सुंदर आहे, बेटा. आता मी करायचं काय?" तुझा चेहरा उतरला. ते खाली गेल्यावर मी तुला म्हटलं, सोड रे, अब्बूंना गेममधलं काय कळतंय. प्रफुल्ल, त्यांना बरोबर कळलं होतं, आणि मला ते ठाऊक होतं. तुला वाईट वाटेल म्हणून मी मूग गिळून बसले. त्या दिवशी भांडले असते, तर आपला गेम तुझ्या डोळ्यांदेखत पूर्ण झाला असता. याचा मला फार त्रास होतो.

तू तापाने आठ दिवसांत गेलास. हे काय वय होतं का? त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष मी आपली फाइल उघडलीच नाही.

गेल्या महिन्यात एका संस्थेने गेम शिकणाऱ्या नवख्यांपुढे बोलायला बोलावलं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, पहिला गेम छोटा घ्या, आधी खेळणाऱ्याच्या हाताला काम द्या, सजावट नंतर. दुसऱ्याला खेळायला दिलात की शेजारी बसून समजावू नका, तोंड बंद ठेवा. पहिल्या रांगेतल्या सुजाताताई, नोकरी सांभाळून रविवारी शिकायला येतात, सगळं वहीत उतरवून घेत होत्या. त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमचा गेम कुठे खेळायला मिळेल?"

"अजून व्हायचाय."

"किती वर्षं चाललंय?"

"पाच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. घरी आले आणि त्याच दिवशी फाइल उघडली.

तेव्हापासून एकेक करून सात पेठा काढल्या. आज धरणही गेलं. आता एकच व्हॉल्व्ह, दोन गल्ल्या. आणि चावी फिरते, प्रफुल्ल.

दुपारी सुजाताताईंना बोलावून खेळायला दिलं. मी शेजारी हाताची घडी घालून गप्प. त्यांनी खालच्या गल्लीला पाणी सोडलं. वरच्या गॅलरीतल्या काकू तू लिहिलेलं वाक्य बोलल्या: "अहो, वरच्या गल्लीतही माणसं राहतात. आपल्याला कल्पना नसेल." ताई खुदकन हसल्या. मग घाईघाईने चावी फिरवायला गेल्या, तोवर पाणी संपलं. वरच्या गल्लीतल्या बादल्या रिकाम्या राहिल्या. ताई त्या बादल्यांकडे बघतच म्हणाल्या, "पुन्हा द्या. या वेळी वरच्यांना आधी."

त्या गेल्यावर मी खूप रडले. अरे, खिडकीशी बसून, चहा गार होईपर्यंत पेठेतल्या लोकांची बोलणी तू टिपून घ्यायचास आणि वर म्हणायचास, ही वाक्यं तात्पुरती आहेत. तुझं खरं काम तेच होतं. तुला हे तेव्हाच का नाही सांगितलं मी?

काल तुझ्या आईंना फोन केला. त्यांना म्हटलं, येत्या रविवारी गेम सगळ्यांसाठी खुला करतेय. आता तुला शब्द देते. रविवारी अकरा वाजता करणार म्हणजे करणार. काही उणं राहिलं असेल तर राहू दे, लोकांच्या शिव्या मी खाईन. गेम संपला की आधी तुझं नाव येईल, मग माझं. आणि तारीख मी पुढे ढकलणार नाही, तू स्वतः येऊन सांगितलंस तरी.

तुझी,
नसीम