डोसआधीचं दही

बुधवार, संध्याकाळ

ऑफिसच्या कामासाठी झांबियाला जायचंय, म्हणून आज कॉलऱ्याच्या लशीचा पहिला डोस होता, तोंडावाटे घ्यायचा. आधी आणि नंतर तासभर काही खायचं नाही. हे सासूबाईंना मी सांगितलं होतं का? नसेल. निघताना त्यांनी तळहातावर दही ठेवलं आणि मी सवयीने चाटून मोकळी!

दादरच्या दवाखान्यात गप्प बसावं, असं क्षणभर वाटलं. पण डोस वाया गेला तर तिकडे आजारी मीच पडणार. सांगून टाकलं. डॉक्टर हसले. "दही ना? बसा तासभर." बसले.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी दही तिथेच आणते. डोस झाला की देते."

"आई, नंतरही तासभर चालत नाही."

"मग मीपण बसते तासभर. पण दही चुकवायचं नाही, बाय."