शेगडीचं खाकरणं

दिंडोरी, बुधवार

शेखरभाऊजी, तुम्हांला आणि शुभांगीला वहिनीचा आशीर्वाद.

मी बरी आहे. ओझरच्या थंडीत तुमचा गुडघा कसा आहे? शुभांगी तेल लावून देते ना? (देत नसेल तर स्वतः लावा. फॅक्टरीत एवढी वर्षं विमानांना ग्रीस लावलंत, गुडघा काय अवघड!)

गोठ्यामागचा गोबरगॅसचा खड्डा बुजवायला तुम्ही सोमवारी माणूस पाठवताय आणि मला सिलिंडर देताय, असा निरोप मिळाला. तुमची काळजी कळते. पण त्याआधी इथलं थोडं ऐका.

ह्यांना चहा हवा असला की हे ओसरीवरून तीनदा खाकरायचे, हे तुम्हांला माहीत आहे. तोंडाने कधी मागितला नाही. हे गेल्यापासून मी शेगडीचा कान पिळला की नळीतून तीनदा खाकरल्यासारखा आवाज येतो आणि मगच ज्योत धरते. दोनदा नाही, चारदा नाही. शेजारची बयाबाई विरजण मागायला आली तेव्हा तिने ऐकलं. डोक्यावर पदर घेऊन दारातूनच म्हणाली, "ताई, भाऊ आतच हायेत. त्यांना लय साखर घालू नका." तेव्हापासून ती गोठ्यामागून जाताना चपला काढून हातात घेते. (विरजणाची वाटी मात्र अजून परत केलेली नाही.)

मार्चमध्ये अवकाळी पावसाने द्राक्षं तडकली. फेकवेनात, म्हणून आठ क्रेट शेणात कालवून खड्ड्यात ओतली. दोन दिवसांत वरची लोखंडी टाकी, जी गॅस भरला की उचलते, ती खाली बसली. खाकरण्याच्या जागी उचक्या लागल्या. ह्यांची जुनी पुस्तिका काढून वाचली. गोड जास्त झालं की आतलं सगळं आंबतं, असं त्यात होतं आणि बाजूला ह्यांनीच पेन्सिलीने लिहिलं होतं, 'गोड कमी.' डॉक्टरांनी ह्यांनाही तेच सांगितलं होतं. मग आठवडाभर नुसतं शेण आणि थोडी चुन्याची निवळी. टाकीने ऐकलं. (ह्यांनी ऐकलं नव्हतं.)

आता वर्षश्राद्धाचं. कावळा पानाला शिवेना, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी एकेक शब्द दिलात. जमीन विकणार नाही म्हणालात, कावळा भिंतीवर आला. वहिनीला एकटं पाडणार नाही म्हणालात, तो पानाजवळ उतरला. मग तुम्ही म्हणालात, खड्डा बुजवून वहिनीला सिलिंडर आणून देतो. कावळा पानाला न शिवता कसा उडून गेला ते तुम्हीही पाहिलंत. तीन वाजता गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे जेवायला बसले. तुम्ही गेल्यावर ते पान, भात-खीर-वडे सगळं, कोबीच्या पाल्याबरोबर शेणात कालवून खड्ड्यात सोडलं. सकाळी टाकी हातभर वर आली होती. एवढी कधीच आली नव्हती. पहाटेच्या दवाने ओली, उघड्या पाठीसारखी दिसत होती. मी हात लावला. कोमट होती.

भाताने गॅस वाढतो, हे पुस्तिकेत आहे. मी वाचलंय. कावळ्याचं काही त्यात नाही.

शुभांगीला गुळाची ढेप पाठवते आहे.

तुमची,
वहिनी

ता. क. – आवाज कशाचा, ते मला ठाऊक आहे. नळीत पाणी साठतं. ते काढायला खाली कॉक आहे. हे दर शनिवारी काढायचे. मी वर्षभर मुद्दाम काढलं नाही. भाऊजी, माणूस पाठवू नका. एवढंच मागायला एवढं लिहिलं.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवण्याआधी वाटलं, एकदा खात्री करावी. कॉक उघडला, फुलपात्रभर पाणी निघालं. कॉक घट्ट बंद करून चहा ठेवला. शेगडी गप्प. तीन काड्या वाया गेल्या. चौथी ओढण्याआधी मीच तीनदा खाकरले.

पेटली.