हरिबाचा भाऊ

तेलगाव, सरकारी वावर

आईच्या पायांवर डोकं ठेवून गहिनीनाथ लिहितो की,

पत्र आज लिहू, उद्या लिहू करत राहिलो. रागावू नकोस. मी खुशाल हाय, भाकरी वेळेवर मिळते. परवा बाजारात लई देखणं खोंड पाह्यलं, पण ते राहू दे. शेळी व्याली का?

पाऊस कमी पडूनही मी आणलेल्या आपल्या घरच्या बियाण्याची ज्वारी इथं पेरून बघितलेल्या सगळ्या वाणांत सरस आली. साहेबांनी विचारलं, बी कोणी निवडलं? मी बोलून गेलो, हरिबादादानं. तवापासून माझं नावच गेलं. दुसऱ्या वाणाच्या फुलोऱ्याची धूळ लागून बी भेसळू नये म्हणून कणसांना फडक्याच्या पिशव्या मी बांधल्या, पाखरं मी हाकलली, अन् साहेब हाक मारतात, "ए हरिबा के भाई!"

सुगीनंतर एकच माणूस कायम ठेवणार हायत. म्हणतात, भावाला बोलाव. मी निरोप धाडलाच न्हाई. दादाला घर हाय, वावर हाय. माझं मन पहिल्यांदाच कुठं टिकलंय. हे पत्र कडूबाईच्या पोराकडून वाचून घे, दादाच्या हाती देऊ नकोस.

थांब, फाटकाशी गाडी आली. आई, दादाच उतरतोय! साहेबांनी शिपाई धाडून परस्पर बोलावलं म्हणे. आता मला हाक आली, "हरिबा के भाई, पानी लाओ!"

तुझाच,
गहिनीनाथ