अधांतरी चकती

६ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

उशिरा लिहितोय, कान धरले. काल तुझ्याच जुन्या प्रयोगशाळेत अकरावीला तुझाच अतिवाहकाचा प्रयोग दाखवला आणि पार फजिती झाली. काळी चकती द्रव नायट्रोजनमध्ये गार केली, वर चुंबक सोडला, तर तो तरंगायचा सोडून घसरून टेबलाखाली! पोरं खो खो हसली. मला मात्र तुझे तास आठवत राहिले. पांढरं धुकं टेबलावरून ओघळायचं, पुढच्या बाकावरचे आम्ही पाय वर घ्यायचो, आणि चुंबक तरंगला की तू आमच्याकडे अशी बघायचीस, जणू आम्हीच तो तरंगवलाय. एकदा येऊन दाखव ना. नोकरी सोडल्यापासून इकडे फिरकली नाहीस.

तुझा लोभ आहे म्हणूनच हा हट्ट.
धांदरट

११ जानेवारी

चि. धांदरटास,
अनेक आशीर्वाद.

नाव सार्थ केलंस! चकती आधी गार केलीस ना? अरे, चकतीवर पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर चुंबक, आणि मग नायट्रोजन ओत. गार होताना चकती चुंबकाला आहे त्या अंतरावर धरून ठेवते. मग पुठ्ठा काढ. एवढी कसली घाई होती?

यायचं म्हणशील तर नाही. कुणाला बोलले नाही, पण माझा हात फार कापतो. शेवटच्या तासाला चिमट्यातून चुंबक निसटला, आणि सगळा वर्ग प्रयोग सोडून माझ्या हाताकडे बघत बसला. पोरांनी माझी कीव करावी, हे मला सोसलं नाही, म्हणून सोडली नोकरी. त्या गोंगाटाची आठवण मात्र रोज येते रे. फार येते.

जेवणाची आबाळ करू नकोस. लोभ आहेच, आगाऊपणा कमी असावा.
आत्या

१७ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तरंगला! मग चुंबक लाकडी दांडीला पक्का बांधून उचलला, तर चकती खाली हरभऱ्याएवढी फट ठेवून लोंबकळत वर आली. मध्ये काही नाही! दांडी गदागदा हलवली तरी गार आहे तोवर पडेना. हात स्थिर ठेवला की पोरांना वाटतं, डिंक लावलाय; हात हलला, चकती खाली डुलली, की मगच फट खरी वाटते. स्पष्टच लिहितो, रागावू नकोस: या प्रयोगाला तुझाच हात हवा. शुक्रवारी न्यायला येतो. नाही म्हणालीस तर दारातच ठाण मांडीन.

रागावलीस तरी लोभ तेवढा राहू दे.
धांदरट

२४ जानेवारी

चि. धांदरटास,
अनेक आशीर्वाद.

काल वर्गात दांडी हातात घेतली. हात कापायला लागला, खाली चकतीही थरथरायला लागली, पण फट तेवढीच! भीत भीत वर्गाकडे पाहिलं. एकाचंही लक्ष माझ्या हाताकडे नव्हतं. सगळे माना वाकड्या करून त्या फटीतून आरपार बघत होते. पुढच्या बाकावरची एक चष्मेवाली तर अजून जोरात हलवा म्हणून मागेच लागली. मी मुद्दाम हलवतेय असंच वाटलं रे तिला! घरी येऊन पोटभर रडले. बरं वाटलं.

दुसऱ्या तुकडीला कधी दाखवायचं ते कळव. न्यायला येऊ नकोस, माझी मी येईन.

तुझ्यावरचा लोभ आता त्या पोरांतही वाटावा लागणार, तक्रार नसावी.
आत्या