भिंतीत मुरलेला वास

४ नोव्हें.
चिनूची छाती पुन्हा वाजतेय. डॉक्टरांचा तोच प्रश्न, घरात कोणी बीडी ओढतं का? ठणकावून सांगितलं, नाही. दसऱ्याला विहारात पंचशील घेताना यांनी बीडीचीही शपथ घेतली, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून. डॉ. हसले. "पुढच्या खेपेला पोरीलाच विचारतो."

७ नोव्हें.
तिच्या रजईला बीडीचा वास! यांना विचारलं तर म्हणे, "जुनाच व्हय तो. इतकी वर्षं ओढली म्या. कापसात, भिंतीत बसला हाये, हळूहळू निंघून राह्यला. मोबाइलात पाह्य ना." पाहिलं. खरंच तसं लिहिलंय.

१२ नोव्हें.
गादी, रजई, उशा, पडदे, सगळं अंगणात. खोळी सोडा घालून धुतल्या. खोल्यांना चुना दिला. शेजारीण विचारते, "काहून ओ, घरी लगन हाये का?" कंबर कामातून गेली. चिनूचा खोकला आहे तसाच.

१८ नोव्हें.
हे गोंदियाला, नणंदेकडे. बरी संधी. धुऊन कडक उन्हात वाळवलेली ओढणी खोलीत टांगली, दारं-खिडक्या बंद. बघू कोण खोटं, भिंत की नवरा.

२० नोव्हें.
ओढणीला वास आला. हे इथे नसताना! चुन्यातूनही निघतोय मेला. घर इतकी वर्षं धूर पीत बसलं, आता ओकतंय. म्हणजे हे खरंच बोलत होते. उगाच संशय घेतला, रडू आलं. उद्या येतील. भरीत करते, आवडतं त्यांना.

२३ नोव्हें.
सकाळी चिनूला न्हाऊ घातलं. मग बापाबरोबर मोटारसायकलवर वारासिवनीच्या बाजारात गेली. संध्याकाळी वेणी घालायला घेतली. केसांत बीडी. ताजी.
मी तोंडही उघडलं नव्हतं. तीच म्हणाली, शाळेतल्या हिंदीत, "मम्मी, वो दीवार की बास है."
"कौन सी दीवार?"
पोरीने बापाकडे पाहिलं. बाप मोबाइलात.
भिंतीतल्या वासाची खरी गोष्ट सांगितली आणि त्या खऱ्याच्याच आड बसून ओढत राहिला. मी इकडे भिंतींना चुना पोतत होते. स्वतः खोटा वागला ते एक. सात वर्षांच्या लेकीला पढवलं! ज्या डोक्यावर हात ठेवला, त्याच डोक्यात हे भरलं.

२४ नोव्हें.
केस पुन्हा धुतले. एका पाण्यात वास गेला. भिंतीतला अजून आहेच, तो काही खोटा नाही.
त्याच्याशी बोलले नाही. दुपारी विचारतो, "काहून चूप हायेस तू?" जसं काही...
उद्या डॉक्टरांकडे जायचंय. तोही येतो म्हणतोय. डॉ. या खेपेला चिनूलाच विचारणार. ती आधी बापाकडे बघेल, हे मला आजच दिसतंय.
मग मी काय सांगू, भिंत की बाप?