सासूबाईंची सही

सोमवार, ४ मे
टपालाने आलेली मतं आज अकरा पोती! मागच्या निवडणुकीत सहा होती, त्याआधी दोन. पुढच्या वेळी मतदान केंद्रं ओस पडणार, असं साहेब म्हणाले. मला तर आनंदच. घरी चहा पीत खूण करायची, पाकिटावर सही करायची, पेटीत टाकायचं. याहून सोय ती काय असते?

मंगळवार, ५ मे
दिवसभर सह्या तपासणं. संगणकाच्या पडद्यावर डावीकडे नोंदणीतली जुनी, उजवीकडे पाकिटावरची. एका डॉक्टरांची सही म्हणजे नुसती आडवी रेघ. जुनीही रेघच — पास!

बुधवार, ६ मे
हातात पाकीट आलं ते आमच्याच घरचं — सासूबाईंचं! घरच्यांचं आपण तपासायचं नसतं, म्हणून शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवालीकडे सरकवलं. "अगं, ही जुळत नाही," म्हणाली. डोकावलेच. जुनी सही झोकात, खाली लफ्फेदार रेघ. पाकिटावरची मात्र सुटी सुटी, गोल अक्षरं, जपून काढलेली. वय झालं, हात कापत असेल. आता घरी पत्र जाणार. पंधरा तारखेपर्यंत स्वतः येऊन नवी सही दिली तर मत मोजणार, नाहीतर बाद.

शनिवार, ९ मे
सासूबाईंनी पत्र वाचलं, घडी घातली आणि डब्यांच्या मागे सारलं. "राहू दे ते मत. एकाने काय अडतंय?" आता काय म्हणावं! सासरे गेल्यानंतरची ही पहिलीच निवडणूक, म्हणून मतपत्रिका आली तेव्हा मी मदतीला गेले होते, तर "मला येतं वाचता" म्हणून मला घालवून दिलं. दार लावून तासभर बसल्या होत्या. आणि आता राहू दे?

सोमवार, ११ मे
हात कापतो त्यात लाज कसली, असं मी समजावायला गेले. त्यांनी बरणीचं घट्ट झाकण एका झटक्यात उघडून माझ्यापुढे ठेवलं. मला सकाळपासून उघडत नव्हतं ते.

बुधवार, १३ मे
"तिथे जुन्या सहीबद्दल काही विचारतात का गं?" तिसऱ्यांदा विचारलं. नाही हो, फक्त ओळखपत्र बघतात आणि नवी घेतात.

शुक्रवार, १५ मे
आल्या! पावणेपाचला, नवी चप्पल घालून. साहेबांसमोर बसून सावकाश, गोल गोल सही केली. चष्मेवालीने पाकिटावर शिक्का मारला — ग्राह्य. शाई वाळेपर्यंत सासूबाई बघत राहिल्या. मला अगदी भरून आलं.

शनिवार, १६ मे
सकाळी चहा पिताना म्हणाल्या, "नोंदणीच्या अर्जावरची ती लफ्फेदार सही माझ्या नावाने ह्यांनीच केलेली. केंद्रात पडद्याआड मी एकटी असायचे गं. मतपत्रिका घरी यायला लागली, तशा आमच्या दोघांच्याही हेच भरायचे. तू कशाला त्रास घेतेस, म्हणायचे."

दोन निवडणुका! दोन्ही वेळा आमच्याच टेबलांवरून पास झालं ते.

या वेळी मत कुणाला, विचारलं. "ते मी ह्यांच्या फोटोलाही सांगितलेलं नाही," म्हणाल्या आणि कप विसळायला उठल्या.